सोनं वितळलं, मशीन उरलं

२१ जानेवारी १९८० रोजी लंडनच्या बाजारात सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरवर गेला. त्या तेजीत अमेरिकेत आणि युरोपात आजोबा-पणजोबांची खिशातली घड्याळं घराघरांतून सराफाकडे गेली. सराफ घड्याळ उघडायचा, आतलं मशीन काढून बाजूला ठेवायचा, सोन्याची केस तराजूत टाकायचा आणि वजनाप्रमाणे पैसे मोजायचा. केस भट्टीत गेली. मशीनमध्ये पितळ, पोलाद आणि निकेल. ते वितळवून हाती काही लागत नव्हतं, म्हणून ते खोक्यांत, बरण्यांत, टेबलाच्या खणांत पडून राहिलं. १९३४ मध्ये अमेरिकेने सोन्याचा अधिकृत भाव २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला, तेव्हाही जुन्या सोन्याची अशीच मोड झाली होती. गेल्या काही वर्षांत सोन्याने पुन्हा नवे उच्चांक गाठले आणि केसपासून तुटलेली मशीनं पुन्हा मोठ्या संख्येने बाजारात आली. फरक इतकाच की आता ती खणात पडून राहत नाहीत. कोणीतरी त्यांचा फोटो काढतो आणि ऑनलाइन लिलावात टाकतो.

घड्याळातला जो भाग प्रत्यक्ष वेळ मोजतो, ज्यावर कारखान्याचं नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, ज्यात त्या काळचं धातुशास्त्र, गणित आणि हातकौशल्य साठलेलं असतं, तोच भाग बाजाराने भंगारात काढला. या पुस्तकाचा विषय तो भाग आहे. दुर्मिळ मशीन स्वस्तात मिळालं की लोक त्याला नशीब म्हणतात. या पुस्तकाची भूमिका वेगळी आहे आणि ती मला पूर्ण पटलेली आहे. सोन्याची किंमत तराजू सांगतो, ती जगभर एकच असते आणि रोज छापून येते. मशीनची किंमत मात्र त्यावरची अक्षरं, आकडे आणि रचना वाचता येणाऱ्यालाच कळते. विकणाऱ्याचं वाचन आणि घेणाऱ्याचं वाचन यांत जेवढं अंतर, तेवढीच स्वस्ताई. म्हणून स्वस्त खरेदीचे डावपेच शिकण्याआधी मशीन वाचायला शिकलं पाहिजे, आणि ते वाचायचं तर त्यामागचा इतिहास माहीत हवा.

तो इतिहास थोडक्यात सांगायचा तर १६७५ पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी डच शास्त्रज्ञ ह्यूजेन्सने बॅलन्स या डोलणाऱ्या चाकाला सर्पिल हेअरस्प्रिंग जोडण्याची कल्पना प्रसिद्ध केली आणि खिशातलं घड्याळ दागिन्याच्या पंगतीतून उठून उपकरणांच्या पंगतीत आलं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं इंग्लंडची होती. इंग्रजी घड्याळ म्हणजे शंकूच्या आकाराची फ्युझी आणि तिच्यावर गुंडाळलेली केसासारखी बारीक साखळी. कमान सैल होत गेली तरी चाकांना मिळणारी ओढ सारखी राहावी म्हणून केलेली ही योजना. ही साखळी ख्राइस्टचर्चसारख्या गावात बायका आणि मुलं डोळे फोडून हाताने ओवत. कच्चं मशीन लँकेशरमधल्या प्रेस्कॉटला तयार व्हायचं, लिव्हरपूल, कॉव्हेन्ट्री किंवा लंडनला त्यावर शेवटचा हात फिरायचा आणि वर नाव कोरलं जायचं ते बहुधा विकणाऱ्या दुकानदाराचं. त्यामुळे इंग्रजी मशीनवरचं नाव वाचून ते कोणी बनवलं हे सहसा कळत नाही. ते कळतं रचनेवरून: चाकांना टप्प्याटप्प्याने सोडणारी एस्केपमेंट जुन्या व्हर्ज पद्धतीची आहे, लिदरलँडच्या १७९१ च्या पेटंटातल्या रॅक लिव्हरची आहे की त्यानंतरच्या मॅसीच्या लिव्हरची, यावरून. व्हर्ज घड्याळांच्या बॅलन्सवरचं जाळीदार नक्षीचं झाकण व्हिक्टोरियन काळात इतकं आवडू लागलं की हजारो मशीनं मोडून त्या झाकणांचे हार आणि बांगड्या केल्या गेल्या. केस सोन्यासाठी गेली आणि मशीन नक्षीसाठी गेलं. इंग्लंडमधून आज जे शाबूत मशीन मिळतं ते या दोन्ही मोडींतून वाचलेलं असतं, हे किंमत ठरवताना विसरू नये.

स्वित्झर्लंडने दुसरी वाट धरली. पॅरिसमधल्या लेपीनने १७६० च्या दशकात जाड फ्युझी काढून टाकली, वरच्या अखंड प्लेटऐवजी सुटे पूल बसवले आणि घड्याळ पातळ केलं; ती रचना स्विसांनी उचलली. फोंतेनमेलोंच्या कारखान्यात १७९३ पासून कच्ची मशीनं तयार होऊ लागली. ती घेऊन जुरा डोंगरातली शेकडो छोटी घरं आपापल्या परीने पुरी करत. या पद्धतीत अप्रतिम घड्याळंही झाली आणि अत्यंत सुमारही. एकाच कच्च्या मशीनवर दहा जणांनी दहा प्रकारचं काम केलेलं असे आणि क्रमांकांची एकसंध नोंद कोणाकडेच नसे. म्हणून स्विस मशीन वाचणं हे सगळ्यांत कठीण काम आहे. नवख्याने तिथून सुरुवात करू नये असं मी स्पष्टच सांगेन.

नवख्याची शाळा अमेरिकेत आहे आणि या पुस्तकाचा सगळ्यांत मोठा भाग अमेरिकेला दिला आहे, ते योग्यच आहे. ॲरन डेनिसनने स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात बंदुकांचे एकसारखे भाग यंत्रावर बनताना पाहिले आणि तसंच घड्याळ बनवायचं ठरवलं. १८५० मध्ये रॉक्सबरीला सुरू झालेला त्याचा आणि एडवर्ड हॉवर्डचा उद्योग १८५४ मध्ये वॉल्थमला गेला आणि १८५७ मध्ये दिवाळखोरीत निघाला. पण कल्पना बुडाली नाही. रॉयल रॉबिन्सने कारखाना घेतला, यादवी युद्धात सैनिकांनी विल्यम एलरी नावाचं साधं वॉल्थम मोठ्या प्रमाणावर विकत घेतलं आणि कारखान्याचा जम बसला. १८६४ मध्ये शिकागोजवळ एल्जिनचा कारखाना स्थापन झाला. त्याचं पहिलं घड्याळ १८६७ मध्ये बाहेर पडलं; नंबर १०१, किंमत ११७ डॉलर. पुढे इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डला इलिनॉय, रॉकफर्डला रॉकफर्ड, कँटनला हॅम्पडेन, लँकेस्टरला हॅमिल्टन. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाला लाँजिन कारखान्याचा अभियंता जाक दाविद गेला. परत येऊन त्याने लिहिलेल्या अहवालाने स्विस कारखानदार हादरले आणि त्यांनीही यंत्रं बसवायला घेतली. एल्जिनने आपल्या आयुष्यात सुमारे सहा कोटी घड्याळं केली आणि वॉल्थमने सुमारे चार कोटी. हे आकडे दुर्मिळतेच्या विरोधात जातात असं वाटेल. पण दुर्मिळ गोष्ट ओळखायला आधी सर्वसामान्य गोष्ट भरपूर लागते. सहा कोटींच्या राशीतच काही शेकड्यांची तुकडी उठून दिसते.

अमेरिकन पद्धतीत आणखी एक गोष्ट होती, आणि आजच्या ऑनलाइन बाजाराचा पाया तीच आहे. तिथे कारखाना बहुधा मशीन विकायचा आणि केस वेगळ्या कंपनीची असायची. गिऱ्हाईक दुकानात जाऊन आधी मशीन निवडी, मग ऐपतीप्रमाणे केस: चांदीची, सोन्याचा पत्रा चढवलेली किंवा भरीव सोन्याची. दुकानदार समोरच चार वळसे स्क्रू फिरवून मशीन केसमध्ये बसवी. हे शक्य व्हावं म्हणून मापं ठरलेली होती. शून्य मापाचं मशीन एक पूर्णांक पाच-तिसांश इंच आणि पुढच्या प्रत्येक मापाला एक-तिसांश इंच वाढ. त्यामुळे १८ मापाचं मशीन जवळजवळ ४५ मिलिमीटर आणि १६ मापाचं सुमारे ४३ मिलिमीटर. याचा अर्थ असा की अमेरिकन मशीन जन्मापासूनच सुटं होतं. त्याची केस वितळली म्हणून ते अपुरं ठरत नाही. योग्य मापाची दुसरी जुनी केस मिळाली की ते पुन्हा खिशात जाऊ शकतं. फ्युझीच्या इंग्रजी मशीनबद्दल असं म्हणता येत नाही, कारण तिथे केस आणि मशीन एकमेकांसाठी घडवलेली असत.

रेल्वेचा अध्याय संग्राहकांना सर्वांत प्रिय आहे, आणि त्यात दंतकथा आणि सत्य इतकं मिसळलं आहे की सावधपणे बोलावं लागतं. एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टन गावाजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली. एका चालकाचं घड्याळ चार मिनिटं थांबून पुन्हा चालू झालं होतं, असं सांगितलं जातं. क्लीव्हलँडचा जवाहिऱ्या वेब बॉल याच्याकडे घड्याळ-तपासणीची जबाबदारी आली आणि त्यातून रेल्वे घड्याळांचे कडक निकष रूढ झाले: उघडी तबकडी, १६ किंवा १८ माप, किमान १७ ज्वेल्स (फिरत्या दांड्यांना आधार देणारे खडे), पाच स्थितींत आणि थंडी-उन्हाळ्यात जुळवलेली चाल, आठवड्याला ३० सेकंदांच्या आत चूक. काटे जुळवण्यासाठी चावी ओढायची नाही, तबकडीच्या कडेची छोटी पट्टी ओढायची, हाही नियम. खिशात चुकून वेळ बदलू नये म्हणून. या निकषांनी कारखान्यांत स्पर्धा लागली. इलिनॉयचं बन स्पेशल आणि सँगामो स्पेशल, वॉल्थमचं व्हॅनगार्ड, एल्जिनचं फादर टाइम, हॅमिल्टनचं ९५० ही त्या स्पर्धेची फळं. शेवटी शेवटी हॅमिल्टनने एलिन्वार या मिश्रधातूची हेअरस्प्रिंग वापरली. ज्यांच्या संशोधनातून तो धातू आला त्या गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. खिशातल्या घड्याळाच्या या एका तारेत त्या काळचं सगळ्यांत पुढचं विज्ञान होतं.

आता दुर्मिळता. संग्राहकांत सगळ्यांत जास्त गोंधळ याच शब्दाभोवती आहे, म्हणून इथे थोडं थांबू. काही मशीनं दुर्मिळ आहेत कारण कारखानाच अल्पायुषी होता. लँकेस्टरला १८७४ मध्ये ॲडम्स अँड पेरी नावाने एक कंपनी निघाली आणि दोन वर्षांत बुडाली. तिच्या जागी दुसरी आली, मग तिसरी, आणि अखेर १८९२ मध्ये तिथे हॅमिल्टन उभी राहिली. हॅमिल्टनने ज्या ऑरोरा कंपनीची यंत्रं घेतली तीही जेमतेम दहा वर्षं टिकली होती. न्यू जर्सीतल्या मॅरियनच्या कारखान्याने प्लेटमध्ये फुलपाखराच्या आकाराची खिडकी कापलेली देखणी मशीनं केली आणि १८७० च्या दशकात तोही बंद पडला. काही मशीनं दुर्मिळ आहेत कारण ती फार महाग होती; वॉल्थमच्या रिव्हरसाइड मॅक्झिमसमध्ये बॅलन्सवर हिऱ्याचा खडा बसवलेला असे, आणि असं घड्याळ घेणारे त्या काळीही थोडेच होते. काही दुर्मिळ आहेत ती इतिहासाच्या वळणावर सापडली म्हणून. हॅम्पडेनचा कारखाना १९३० मध्ये सोव्हिएत सरकारच्या व्यापारी कंपनीने यंत्रांसकट विकत घेतला, माणसंही सोबत गेली, आणि मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्याची सुरुवातीची घड्याळं ओहायोतून आलेल्या भागांतून जुळवली गेली. एक बाजू अमेरिकन, एक बाजू रशियन, असं ते मशीन हातात घेतलं की पाठ्यपुस्तकात न सांगितलेला इतिहास दिसतो.

पण दुर्मिळ म्हणजे मौल्यवान, हे समीकरण खोटं आहे आणि ऑनलाइन विक्रेते ते रोज वापरतात. नंबरावरून तुकडी आणि दर्जा सांगणाऱ्या कोष्टकात एखादी तुकडी फक्त दोनशेची दिसली म्हणून तिच्यासाठी कोणी दाम मोजेल असं नाही. तुकडी लहान असण्याचं कारण पुष्कळदा इतकंच असतं की कारखान्याने एक किरकोळ बदल करून पाहिला आणि सोडून दिला. उलट हॅमिल्टन ९९२ लाखांनी झालं, तरीही त्याला कायम गिऱ्हाईक आहे, कारण ते उत्तम चालतं आणि त्याचे भाग मिळतात. या पुस्तकाने संख्या, दर्जा आणि मागणी या तीन गोष्टी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि नवख्याने त्या तशाच वेगळ्या ठेवायला शिकावं. माझ्या मते खरी चांगली खरेदी तीच, जिथे वस्तू इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे आणि बाजाराला ते अजून उमगलेलं नाही. निव्वळ कमी संख्येच्या मागे लागणारा माणूस पैसे घालवतो.

ऑनलाइन बाजारात हे अंतर का उरतं, हे मशीनच्या रचनेतूनच समजतं. सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट चावीची. बऱ्याच अमेरिकन मशीनांत चावीचा दांडा मशीनमध्ये नसतो, केसमध्ये असतो. केस निघाली की दांडाही गेला. आणि ज्या मशीनांत चावी ओढून वेळ लावतात, ती दांड्याचा दाब गेल्याबरोबर वेळ लावण्याच्या स्थितीत जाऊन बसतात. विकणारा चौकोनी भोकात काहीतरी घालून फिरवतो तर काटे फिरतात, कमान भरत नाही. तो प्रामाणिकपणे लिहितो: बंद, दुरुस्तीसाठी किंवा सुट्या भागांसाठी. मशीन कदाचित पूर्ण निरोगी असतं. रचना माहीत असलेला माणूस ते वाक्य वाचून घाबरत नाही. तो बॅलन्स मोकळा हलतो का, याचा छोटा व्हिडिओ मागतो. बॅलन्सचा बारीक दांडा तुटला असेल तर बॅलन्स एका बाजूला कललेला दिसतो आणि डळमळतो. तो दोषही अमेरिकन मशीनमध्ये असाध्य नाही, कारण दांडे मापाने बनलेले आहेत आणि जुने साठे अजून मिळतात. पण मग त्या दुरुस्तीचा खर्च बोलीतून आधीच वजा करायला हवा.

दुसरं उदाहरण जवळून पाहू. फोटोत एक निकेलचं मशीन आहे, प्लेटवर बारीक लाटांची नक्षी, मधोमध कोणा लहान गावातल्या जवाहिऱ्याचं नाव. कारखान्याचं नाव कुठेच नाही. विकणाऱ्याने तेच नाव शीर्षकात लिहिलं आहे, त्यामुळे हॅमिल्टन किंवा इलिनॉय शोधणाऱ्यांना ते दिसतच नाही. पण नीट पाहिलं तर ज्वेल्स सोन्याच्या कड्यांत बसवलेले आहेत आणि ती कडी चिमुकल्या स्क्रूंनी धरली आहेत. चाल कमी-जास्त करण्याच्या पट्टीला बारीक आट्यांचा स्क्रू आहे. कडेला वेळ लावण्याच्या पट्टीचं टोक डोकावतं आहे. स्वस्त मशीनवर हा खर्च कोणी करत नसे. प्लेटच्या कापणीवरून कारखाना ओळखायचा, मग त्या कारखान्याच्या कोष्टकात नंबर पाहायचा. असं मशीन पुष्कळदा वरच्या दर्जाच्या तुकडीत सापडतं. जवाहिरे कारखान्याकडून आपल्या नावाची मशीनं मागवून घेत, आणि त्यांतली काही रेल्वे दर्जाची असत. ही सगळी माहिती फोटोत उघड पडलेली आहे. कोणी कोणापासून काही लपवलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की हे दिवस संपले. ईबे १९९५ मध्ये सुरू झालं, नंबर टाकला की दर्जा सांगणारी कोष्टकं आता कोणालाही फुकट पाहता येतात, पूर्वीच्या विक्रीचे भाव दिसतात. मग न ओळखलेलं मशीन उरेलच कसं? आक्षेपात तथ्य आहे. सर्वपरिचित नावांच्या बाबतीत स्वस्ताई खरोखर आटली आहे, आणि कोणी बन स्पेशल कवडीमोलाने मिळवून देतो म्हणाला तर त्याच्यापासून दूर राहावं. पण कोष्टक असणं आणि ते वापरता येणं या दोन गोष्टी आहेत. केसवर वेगळा नंबर असतो आणि मशीनवर वेगळा. नवखा विक्रेता हटकून केसचा नंबर शोधतो आणि भलतंच उत्तर घेऊन बसतो. जुन्या कोष्टकांत चुका आहेत, एकाच तुकडीत दोन दर्जे मिसळलेले आहेत, नंबर दिला गेला पण मशीन कधी पुरं झालं नाही असंही घडलं आहे. इंग्रजी आणि बहुतेक स्विस मशीनांना तर असं कोष्टकच नाही. शिवाय वारसांकडून, घर आवरणाऱ्यांकडून, मोडीच्या दुकानांतून एकगठ्ठा विकली जाणारी मशीनं रोज नव्याने येतात, आणि वीस मशीनांच्या एका धूसर फोटोत कोणी वीस नंबर शोधत बसत नाही. तिथे वेळ आणि नजर लागते. ती ज्याच्याकडे आहे त्याला अजूनही मिळतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. समोरच्याला माहीत नाही म्हणून स्वस्तात घ्यायचं, हा फायदा उठवणं नाही का? मला या प्रश्नाची टाळाटाळ करायची नाही. धंदा म्हणून हजारो वस्तू विकणाऱ्याने अभ्यास न करता किंमत लावली तर ती त्याने वेळ वाचवण्यासाठी केलेली निवड आहे. ती किंमत देऊन वस्तू घेण्यात काही गैर नाही. पण वडिलांचं घड्याळ विकायला काढलेल्या माणसाने, हे काय आहे, असं विचारलं तर खरं सांगितलंच पाहिजे. चांगल्या मशीनला मुद्दाम भंगार म्हणून हिणवून भाव पाडणं ही फसवणूक आहे. ती करणाऱ्याला संग्राहक म्हणू नये. आणखी एक देणं आहे. मिळालेल्या ज्ञानातून स्वस्तात घेतलं तर ते ज्ञान परतही दिलं पाहिजे: नंबर, दर्जा, फोटो सार्वजनिक नोंदींत भरले पाहिजेत. अमेरिकेतली नॅशनल असोसिएशन ऑफ वॉच अँड क्लॉक कलेक्टर्स ही संस्था १९४३ पासून हेच करते आहे. आज आपण जी कोष्टकं वापरतो ती अशाच नोंदींतून सुधारत गेली.

तिसरा आक्षेप असा की सुटी मशीनं विकत घेणारे असतात म्हणूनच घड्याळं फोडली जातात. इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. सोन्याची केस वितळते ती सोन्याच्या भावामुळे. मशीनला गिऱ्हाईक नसेल तर ते कचऱ्यात जाईल, केस तरीही वाचणार नाही. तिथे मशीन घेणारा माणूस शेवटचा अवशेष वाचवतो. पण मूळच्या साध्या केसमध्ये शंभर वर्षं एकत्र राहिलेलं अखंड घड्याळ घेऊन मशीन एकाला, केस दुसऱ्याला आणि तबकडी तिसऱ्याला विकणारे आहेत, कारण तुकड्यांचे पैसे जास्त येतात. हा प्रकार निंद्य आहे. मशीन नंतर दुसरीकडे बसवलं असेल तर केसच्या आतल्या कडेवर स्क्रूंचे जादा वण दिसतात. वण नसलेली, पहिल्या दिवसापासून एकत्र असलेली जोडी आता स्वतःच दुर्मिळ होत चालली आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध प्रामुख्याने स्विस बाजूने आहे. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ मध्ये मुंबईत सुरू झाली, फाव्र-ल्यूबाचाही मुंबईत मोठा व्यापार होता, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत खिशातलं घड्याळ निघालं तर ते बहुधा स्विस निघतं. मुंबईच्या चोरबाजारापासून ऑनलाइन जाहिरातींपर्यंत जे विकलं जातं त्यात एकाची तबकडी, दुसऱ्याचं मशीन आणि नव्याने रंगवलेलं नाव असं बरंच असतं. परदेशी खरेदीदार त्याबद्दल सावध असतात आणि आपणही असायला हवं. अमेरिकन मशीन मागवायचं तर मूळ किमतीत टपाल आणि सीमाशुल्क मिळवूनच हिशेब करावा, नाहीतर स्वस्त वस्तू दुप्पट महाग पडते. उलट दिशेने एक कायदेशीर बंधन आहे: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परस्पर परदेशी पाठवता येत नाही. आजोबांचं घड्याळ ऑनलाइन परदेशी विकायचा विचार असलेल्यांनी आधी हे तपासावं.

हा विषय आज निकडीचा का आहे? मशीनच्या आत काय आहे हे उघडून पाहणारे हात कमी होत आहेत. अब्राहम लिंकन यांच्या सोन्याच्या घड्याळाच्या तबकडीखाली जोनाथन डिलन या कारागिराने १८६१ मध्ये सम्टर किल्ल्यावरच्या हल्ल्याची बातमी ऐकून काही ओळी कोरल्या होत्या. पुढे कित्येक वर्षं त्या बंद तबकडीखालीच राहिल्या. २००९ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाने घड्याळ उघडलं तेव्हा त्या सापडल्या. ते घड्याळ राष्ट्राध्यक्षांचं होतं म्हणून टिकलं. इतर लाखो मशीनांवर दुरुस्ती करणाऱ्यांच्या खुणा, तारखा आणि आद्याक्षरं आहेत, आणि ती मशीनं आज किलोच्या भावाने विकली जात आहेत. यांत्रिक घड्याळ दुरुस्त करू शकणारे घड्याळजी आपल्याकडे म्हातारे झाले आहेत. त्यांच्या टेबलावर नवं कोणी बसलेलं सहसा दिसत नाही. ज्याला हे शिकायचं आहे त्याच्यासाठी केसविना मिळणारं, सोन्याच्या किमतीचं ओझं नसलेलं, भाग मिळण्याजोगं अमेरिकन मशीन हेच सर्वांत परवडणारं शिक्षण आहे.

हे पुस्तक भावाची यादी देत नाही. भाव छापून होईपर्यंत बदलतात. फोटोवरून मशीन वाचण्याची पद्धत ते देतं: आधी माप आणि रचना, मग कारखाना, मग नंबर, मग झीज आणि फेरफार, आणि सर्वांत शेवटी किंमत. बोली कधी लावावी, चुकीच्या शीर्षकाखालची वस्तू कशी शोधावी, एकगठ्ठा विक्रीत काय पाहावं हेही त्यात आहे, पण ते वाचनाच्या मागून येतं. किंमत आधी पाहून मग कारणं शोधणारा वाचक निराश होईल. अंधारात चमकणारे आकडे असलेल्या तबकड्यांत रेडियम असू शकतं, त्या घरात खरवडू नयेत, अशा साध्या सूचनाही लेखकाने वगळलेल्या नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

वाचकाला माझी विनंती एवढीच आहे. पहिलं मशीन घ्याल ते साधं, भरपूर संख्येने झालेलं आणि चालू स्थितीतलं घ्या. विकणाऱ्याकडून नंबराचा स्पष्ट फोटो आल्याशिवाय बोली लावू नका. घेतलेल्या प्रत्येक मशीनचा नंबर, दर्जा आणि आतल्या खुणा टिपून ठेवा आणि जिथे नोंदी होतात तिथे कळवा. आणि मूळ केसमधलं अखंड घड्याळ हाती आलं, तर त्या केसच्या सोन्याला कितीही भाव येत असला तरी ते सुटं करू नका.